भट्टीतले दात

फ्रान्सचा सोळावा लुई ज्या वर्षी गादीवर आला त्याच वर्षी, म्हणजे १७७४ साली, पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या सँ-जेर्मँ-आँ-ले ह्या राजवाड्याच्या गावी अलेक्सी द्युशातो नावाचा एक औषधविक्रेता आपल्याच तोंडातील कवळीला विटून गेला होता. ही कवळी पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेली होती, आणि ज्याच्या गाठी चार पैसे असत त्यालाही त्या काळी ह्याहून बरी वस्तू मिळण्याची सोय नव्हती; कारण हस्तिदंत, बैलाचे हाड, अथवा मृतांच्या जबड्यांतून उपटलेले खरे दात एवढेच काय ते बाकीचे पर्याय होते, आणि लाळेत मुरल्यावर पिवळे पडावयाचे, कुजावयाचे आणि दरवळावयाचे ह्या बाबतीत त्यांपैकी एकही दुसऱ्यास हार जाणारा नव्हता. त्यातून द्युशातोचा धंदा असा की, दिवसभर काढे, अर्क आणि मलमे ह्यांच्या चवी घ्याव्यात आणि वास हुंगावेत. साहजिकच दुकानातील यच्चयावत औषधांचा संमिश्र दर्प त्याच्या कवळीत ठाण मांडून बसला होता. परंतु ज्या चिनी मातीच्या भांड्यांत तो हीच औषधे घोटीत असे, ती पाण्याने विसळताच निर्मळ होत, त्यांवर ना डाग राही ना वास. तेव्हा दात तरी ह्याच मातीचे का असू नयेत, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला. आणि आज आपल्याकडे ज्या वस्तूला सर्रास ‘कॅप’ म्हणतात, त्या दातावरच्या सिरॅमिक मुकुटाच्या वंशवृक्षाचे मूळ शोधू जाता ते ह्या प्रश्नाशीच येऊन ठेपते.

हा विचार त्याच्या आधी पन्नास वर्षे फ्रान्समध्ये कोणास सुचला असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. अस्सल चिनी मातीचे रहस्य युरोपास उलगडले ते अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सॅक्सनीतील माइसेन येथील प्रयोगांतून. आणि फ्रान्समध्ये तर तिला लागणारी केओलिन नावाची शुभ्र माती लिमोझजवळ सापडली तीच मुळी १७६८ च्या सुमारास. म्हणजे द्युशातोने पॅरिसमधील एका कारखान्याकडे आपली मागणी नोंदविली तेव्हा त्या देशातील कारागिरांचा ह्या मातीवर हात पुरता बसलेलाही नव्हता. त्यांनी त्याच्या जुन्या कवळीच्या मापाने नवी कवळी घडविली, भट्टीत घातली, आणि बाहेर काढून पाहतात तो ती आकसून लहान मुलाच्या जबड्याला शोभेल एवढी झालेली! ओली माती भाजताना तिच्यातील पाणी उडून जाते, कणांमधील पोकळी वितळत्या काचेने भरून निघते, आणि घनफळ तिसऱ्या हिश्श्याने घटते. पेला थोडा लहान झाला तर पिणाऱ्याचे काही अडत नाही, परंतु हिरडीवर बसावयाच्या वस्तूत तांदळाच्या दाण्याइतका फरकही सोसत नाही. मापे वाढवून, मिश्रण बदलून आणि भट्टीची आच कमी करून अनेकवार खटपट केली तरी जमेना, तेव्हा द्युशातोने पॅरिसमधील निकोला द्युब्वा द शेमाँ ह्या दंतवैद्याची मदत घेतली. आणि अखेर त्याला हवी तशी, निर्गंध आणि निष्कलंक, कवळी मिळाली. १७७६ साली त्याने पॅरिसच्या शाही शल्यचिकित्सा अकादमीपुढे आपला शोध मांडला, अकादमीने त्याची प्रशंसा केली, आणि ह्या भल्या गृहस्थाच्या भाग्यात जे काही श्रेय लिहिले होते ते तेवढ्यावरच संपले.

द्युब्वा द शेमाँ हा मात्र निराळ्या मुशीतला मनुष्य होता. त्याने मिश्रणाचा नेटाने अभ्यास चालविला, आकसणे पुष्कळ आटोक्यात आणले, १७८८ साली ह्या विषयावर पुस्तिका छापली, आणि विद्वत्सभांच्या शिफारशी गोळा करून खुद्द सोळाव्या लुईकडून ह्या ‘अविनाशी’ दातांची सनद आपल्या नावे मिळविली. द्युशातोने फिर्याद गुदरली. मूळ कल्पना कोणाची, पहिली कवळी कोणाच्या खर्चाने झाली, अकादमीपुढे प्रथम कोण उभा राहिला, हे सर्व दप्तरात नमूद असतानाही १७९२ साली न्यायालयाचा फैसला द्युब्वाच्या बाजूने लागला. माझ्या मते ह्या निकालात कायदा असेल, पण न्याय बेताचाच होता. तथापि हेही कबूल केले पाहिजे की, द्युशातोने इतरांसाठी कवळ्या करण्याचा यत्न केला तेव्हा तो साफ फसला, आणि स्वतःच्या तोंडापुरता शोध लावणे वेगळे व दहा जणांच्या तोंडांत तो बसविणे वेगळे.

क्रांतीच्या धामधुमीत द्युब्वाने पॅरिस सोडून लंडन गाठले. इंग्लंडातही त्याने १७९१ साली चौदा वर्षांचा मक्ता पदरात पाडून घेतला होता, आणि त्याला लागणारी माती पुरविण्याचे काम विख्यात वेजवुड कारखान्याने पत्करले. आपण बारा हजार कवळ्या बसविल्या असा दावा त्याने १८०४ साली केला. जाहिरातीतील आकडे त्या काळीही जाहिरातीतलेच असत हे ध्यानात घेऊन त्यातून काही वजा केले, तरी त्याचा धंदा जोरात होता ह्यात शंका नाही. ह्या दातांचे रूप कसे होते हे पाहावयाचे असेल तर टॉमस रोलंडसनचे १८११ सालचे व्यंगचित्र पाहावे. एका फ्रेंच दंतवैद्याने एका लठ्ठ बाईला तोंड उघडावयास लावले आहे. तिच्या दोन्ही जबड्यांतील दात बशीच्या काठासारखे पांढरेफेक, एकसंध आणि निर्जीव आहेत. आणि शेजारी उभा असलेला, स्वतःच्या तोंडात खुंट उरलेला एक ग्राहक ते चष्म्यातून निरखून पाहतो आहे. हिरडीसकट सर्व दात एकाच गोळ्यातून भाजलेले असल्यामुळे एखादा कोपरा उडाला की सगळी कवळीच निकामी होई, आणि वरखालच्या पंक्ती एकमेकींवर आपटल्या की बोलणाऱ्याच्या शब्दांपेक्षा त्यांचाच आवाज अधिक येई. वॉटर्लूच्या लढाईनंतर, १८१५ साली, रणांगणावरील तरुण सैनिकांचे दात इंग्लंडात विकावयास आले आणि लोकांनी ते बिनदिक्कत विकत घेतले, ह्याचे कारण हेच. मेलेल्या माणसाचा दात कुजतो खरा, पण तो दातासारखा दिसतो.

दिसण्याच्या ह्या प्रश्नाला पहिले समाधानकारक उत्तर दिले ते जुझेप्पान्जेलो फोन्झी ह्या पॅरिसवासी इटालियनाने. सर्व कवळी एकसंध भाजण्याऐवजी त्याने एकेक दात स्वतंत्र भाजला आणि प्रत्येकाच्या पाठीत, माती ओली असतानाच, प्लॅटिनमची बारीक आकडी रोवली. भट्टीतून निघालेले असे दात सोन्याच्या किंवा चांदीच्या पट्टीवर डाख देऊन ओळीने बसविता येत. त्याने १८०८ साली जाहीर केलेल्या ह्या युक्तीत प्लॅटिनमच का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ज्या आचेत चिनी माती पिकते तीत सोने आणि चांदी दोन्ही पाणी होऊन वाहून जातात, पण प्लॅटिनम टिकते. आणि तापल्यावर फुगण्याचे व निवल्यावर आकसण्याचे त्याचे प्रमाण मातीच्या प्रमाणाशी इतके जुळते की, निवताना दोहोंमध्ये ताण पडून दात तडकत नाही. धातू आणि माती ह्यांच्या ह्या सोयरिकीचा धागा पुढे दीडशे वर्षांनी पुन्हा हाती घेतला गेला. शिवाय फोन्झीने धातूंची भस्मे मिसळून दातांना पिवळसर, करड्या, निळसर अशा छटा दिल्या.

तेथून हा धंदा अटलांटिक ओलांडून गेला. १८१७ साली प्लांतू नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने मातीचे दात फिलाडेल्फियास नेले. १८२५ च्या सुमारास सॅम्युएल स्टॉक्टन ह्या सोनाराने त्याच शहरात ते विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर करावयास प्रारंभ केला. आणि त्याच्याच हाताखाली तयार झालेला त्याचा भाचा सॅम्युएल व्हाइट ह्याने १८४४ साली स्वतंत्र पेढी काढून ह्या व्यवसायाचा पुढे जगभर विस्तार केला. गंधक मुरवून कठीण केलेल्या रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची, स्वस्त बैठक मिळाल्यावर तर मातीच्या दातांची कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पण इथेही सनदेचे भूत आडवे आले. व्हल्कनाइटच्या हक्काची मालकी असलेल्या कंपनीने अमेरिकेतील प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याची रक्कम आणि वर प्रत्येक कवळीमागे पट्टी वसूल करण्याचा सपाटा लावला. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन हा गावोगाव फिरून कसूरदारांवर दावे ठोकीत असे. आणि १८७९ साली ईस्टरच्या रविवारी सॅन फ्रॅन्सिस्कोतील एका हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या, त्याच्या फिर्यादींनी गांजलेल्या, एका दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार केले. दोन वर्षांनी सनदेची मुदत संपली. परंतु दंतवैद्यकात कोणी सनद घेतली की बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडावयाच्या, हा वारसा ती मागे ठेवून गेली. आणि त्याचा चटका ज्याला बसला तो ह्या कथेचा, माझ्या दृष्टीने, खरा नायक आहे.

चार्ल्स हेन्री लँड ह्याचा जन्म १८४७ साली कॅनडात झाला आणि त्याचे कर्तृत्व डेट्रॉइट शहरी घडले. त्याच्या उमेदीच्या काळात पुढचा दात किडला अथवा मोडला, तर त्याचा वरचा भाग सरसहा कापून टाकीत, मुळात भोक पाडीत, आणि त्यात खुंटी ठोकून तिच्यावर मातीचा तयार दात बसवीत. नाहीतर मग दातावर सोन्याचे टोपण चढवून हसताना ते मिरवावयास रोगी मोकळा. दाताचा जेवढा भाग जिवंत आहे तेवढा राखावा आणि त्याच्यावर मातीचाच अंगरखा चढवावा, ही लँडची कल्पना. तिची कृती त्याने कशी बसविली हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. आधी दात चोहोंकडून घासून बारीक करावयाचा आणि हिरडीच्या कडेशी त्याला एक अरुंद पायरी ठेवावयाची. मग कागदाहूनही पातळ असा प्लॅटिनमचा पत्रा त्या खुंटावर गुंडाळून, दाबून आणि घासून असा चिकटवावयाचा की खुंटाचा हुबेहूब साचा तयार व्हावा. हा साचा अलगद काढून घेऊन त्यावर फेल्स्पार नावाचे खनिज, गारगोटी आणि थोडी केओलिन ह्यांची पाण्यात कालविलेली पूड कुंचल्याच्या टोकाने थरावर थर चढवावयाची; टिपकागदाने पाणी शोषून घ्यावयाचे; आकार आकसणार म्हणून तो मूळ दाताहून बेतशीर मोठा ठेवावयाचा; आणि भट्टीत भाजून, पुन्हा भर घालून, पुन्हा भाजून, अखेरची झिलई आल्यावर आतला पत्रा चिमट्याने सोलून काढावयाचा. पत्र्याच्या जाडीइतकी जी फट उरते ती सिमेंटने भरून निघते. प्लॅटिनमचे काम केवळ आगीत माती तोलून धरण्याचे; तोंडात त्याचा लवलेशही जात नाही, आणि म्हणूनच प्रकाश अंगरख्यातून आत शिरून खुंटाच्या रंगासह परत येतो.

लँडने ह्या मुकुटाची सनद १८८९ साली घेतली आणि त्याचे पूर्ण विवेचन १९०३ साली प्रसिद्ध केले; दरम्यान आपल्या भट्ट्या आणि आपले हक्क ह्यांपायी त्याने व्यवसायबंधूंचा भरपूर रोष ओढवून घेतला. जॅकेट क्राउन ह्या नावाने त्याची कृती पुढे सर्वत्र रूढ झाली, तिला अनुकूल अशा विजेच्या भट्ट्याही १८९० नंतरच्या दशकात निघाल्या. ह्या लँडच्या मुलीचा मुलगा लहानपणी आजोबांच्या प्रयोगशाळेत रमत असे आणि १९२७ साली तो एकट्याने विमान हाकीत अटलांटिक ओलांडून गेला; त्याचे नाव चार्ल्स लिंडबर्ग.

जॅकेट क्राउन सुंदर होता, पण तो मोडे. आणि मोडे तोही ठराविक रीतीने. पुढच्या बाजूस, हिरडीच्या लगत, अर्धचंद्राच्या आकाराची चीर पडून तेवढा तुकडा उडून जाई. दंतवैद्यांना ही चंद्रकोर इतकी परिचित झाली होती की, खुंट आखूड घासला गेला हे ते तिच्यावरूनच ओळखीत. चिनी माती दाबाखाली पोलादाशी स्पर्धा करील, परंतु ताणाखाली ती पोरासारखी हार मानते. कारण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात, ताण पडला की तो सगळा ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो, आणि धातू जेथे किंचित वाकून वेळ निभावून नेतो तेथे माती दुभंगते. काचेविषयीचे हे गणित इंग्लंडातील ग्रिफिथ ह्या संशोधकाने १९२० साली मांडले होते. तोंडात तर लाळही शत्रुपक्षाला सामील असते, कारण पाण्याचा अंश चिरेच्या टोकाशी शिरून काचेचे बंध हळूहळू सोडवितो. म्हणून जॅकेट क्राउन पुढच्या दातांवरच बसवीत, आणि सुपारी फोडणाऱ्या दाढेवर तो बसविण्याचे धाडस शहाणा दंतवैद्य करीत नसे.

रूपाच्या बाजूने मात्र ह्या काळात पुष्कळ प्रगती झाली. पूर्वी भाजलेल्या मातीत हवेचे बुडबुडे अडकून राहत आणि दात दुधाळ दिसे. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वात भट्ट्या आल्या तशी ही सच्छिद्रता सुमारे दसपटीने घटली आणि दाताच्या कडेला खऱ्या दातासारखी निळसर पारदर्शकता आणता येऊ लागली. छटांची अक्षरवार वाटणी केलेल्या नमुना-दातांच्या पट्ट्या १९५० नंतर प्रचारात आल्या. तरीही एक अडचण अशी होती की, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांखाली खरा दात मंद निळसर उजळतो आणि मातीचा दात उजळत नाही. नाट्यगृहातील किंवा नृत्यगृहातील विशेष दिव्यांखाली तर तो तोंडातून पडल्यासारखा काळा दिसे. ह्यावर कारखानदारांनी जो तोडगा काढला तो ऐकून आज अंगावर काटा येतो: त्यांनी मातीत युरेनियमचे भस्म मिसळले, आणि कित्येक वर्षे माणसे किंचित किरणोत्सर्गी दात तोंडात घेऊन हसत राहिली. पुढे त्याची जागा दुर्मिळ मृत्तिकांच्या भस्मांनी घेतली. दात सुंदर दाखविण्याची हॉलिवुडची रीत ह्याहून सोपी होती. तेथे चार्ल्स पिंकस हा दंतवैद्य १९३० नंतरच्या दशकात नटनटींच्या दातांवर पातळ पापुद्रे कवळीच्या भुकटीने चिकटवून देई. ते चित्रण होईपर्यंत टिकले की पुरे, जेवावयाच्या आधी काढून ठेवावयाचे.

टिकाऊपणाचा प्रश्न सोडविण्यासाठी अखेर धातूलाच शरण जावे लागले. १९६२ साली वाइन्स्टाइन आणि कॅट्झ ह्यांनी अमेरिकेत ज्या सनदा घेतल्या त्यांतील मर्म असे की, मातीत ल्युसाइट नावाचे स्फटिक वाढू दिले म्हणजे तिचे प्रसरण सोन्याच्या मिश्रधातूच्या जवळ आणून ठेवता येते. आणि धातू किंचित अधिक आकसेल अशी योजना केली म्हणजे निवताना वरची माती कायमची दाबाखाली राहते, मग चावण्याचा ताण आधी तो दाब फेडण्यातच खर्ची पडतो. फोन्झीची सोयरीक अशी शास्त्रोक्त रीतीने पुन्हा जुळली. धातूवर माती चढविलेला हा मुकुट दाढेवरही वर्षानुवर्षे टिकला आणि तीनचार दशके त्याचेच राज्य होते. पण आतला करडा धातू लपविण्यासाठी त्याच्यावर अपारदर्शक चुन्यासारखा थर द्यावा लागे, त्यामुळे प्रकाश आत न जाता तेथूनच माघारी फिरे. आणि वयोमानाने हिरडी वर सरकली की तिच्या कडेला एक काळपट रेघ उघडी पडे. आपल्याकडील पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या हास्यात ही रेघ अजून दिसते.

लंडनमध्ये जॉन मॅक्लीन आणि ह्यूज ह्यांनी १९६५ साली मातीतच ॲल्युमिनाचे कठीण कण जवळजवळ निम्म्या प्रमाणात मिसळून धातूविना गाभा केला. चिरेची वाट हे कण अडवितात, आणि मुकुटाचे बळ साधारण दुप्पट झाले. ते दाढेला पुरले नाही, परंतु दिशा ठरली. दुसरी वाट चिकटविण्याची. सायमन्सेन आणि कॅलॅमिया ह्यांनी १९८३ साली दाखवून दिले की, हायड्रोफ्लोरिक आम्लाने मातीचा आतला पृष्ठभाग खरखरीत केला तर रेझिन नावाचे चिकट द्रव्य तिला घट्ट धरते. अशा रीतीने दाताशी एकजीव झालेला पापुद्रा, जो हातात काडीसारखा मोडतो, तो तोंडात मोडत नाही, कारण ताण आता दात वाटून घेतो. ह्याच सुमारास झुरिकमध्ये मर्मान आणि ब्रँडेस्टिनी ह्यांनी दाताचे माप कॅमेऱ्याने घेऊन यंत्राकरवी सिरॅमिकचा ठोकळा कोरण्याची पद्धत बसविली, आणि कुंचल्याच्या कारागिरीत संगणकाचा शिरकाव झाला.

सर्वांत विलक्षण वळण मात्र दंतवैद्यकाच्या बाहेरून आले. ऑस्ट्रेलियातील गार्वी आणि त्याचे दोन सहकारी ह्यांनी १९७५ साली झिर्कोनिया ह्या सिरॅमिकचा जो गुण जाहीर केला, त्याला त्यांनी सिरॅमिकमधील पोलादाची उपमा दिली, आणि ती अतिशयोक्ती नव्हती. ह्या पदार्थात थोडे इट्रियम-भस्म घातले की त्याचे स्फटिक एका अस्थिर, जणू दबा धरून बसलेल्या, अवस्थेत राहतात. चीर जवळ येताच तिच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, चारपाच टक्क्यांनी फुगतात, आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून तिची वाट बंद करतात. जुन्या फेल्स्पारी मातीचे वाकवून मोडण्याचे बळ साठसत्तर मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेट ह्या आधुनिक काच-सिरॅमिकचे चारशेच्या आसपास, आणि झिर्कोनियाचे हजाराच्या घरात. परंतु २००० नंतर हे मुकुट जेव्हा सर्रास बसू लागले तेव्हा गाभा शाबूत आणि वरचा सुंदर मातीचा थर टवके उडालेला, असा नवाच बखेडा उभा राहिला. तेव्हा वरचा थरच काढून टाकून सगळा मुकुट झिर्कोनियाचा करावयाचे ठरले. तर तो खडूसारखा पांढरा दिसे. मग इट्रियमचे प्रमाण तीन टक्क्यांवरून पाचापर्यंत वाढविले. प्रकाश आरपार जाऊ लागला, रूप खुलले, पण रूप बदलणारे स्फटिकच कमी झाल्यामुळे बळ जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून आज प्रयोगशाळेतील कारागीर दाढेसाठी तीन टक्क्यांचा ठोकळा काढतो आणि पुढच्या दातासाठी पाच टक्क्यांचा, किंवा दोन्ही थर एकाच ठोकळ्यात रचलेला तिसरा. आणि चावण्याच्या जागी नुसती झिलई न चढविता ती जागा आरशासारखी घासून घेतो, कारण झिलई झिजून खालचा खरखरीतपणा उघडा पडला तर समोरचा खरा दात कानशीने घासल्यासारखा झिजतो.

हा नवा मुकुट काही कारणाने काढावा लागला तर मात्र दंतवैद्याची कसोटी लागते. लँडचा अंगरखा उभी खाच पाडून हत्याराच्या एका पिळाने दुभंगत असे. झिर्कोनियाला पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याची टोके लावावी लागतात, ती बोथट होतात, ठिणग्या उडतात, आणि जबडा उघडा धरून बसलेल्या रोग्याला घड्याळाकडे पाहण्यावाचून दुसरे काम उरत नाही.